आधी पाय, मग चेंडू : मेलबर्नमधील लहान मुलांच्या नेटबॉल प्रशिक्षणाचे चार हंगाम

गेले चार हिवाळे मी दर गुरुवारी संध्याकाळी आणि दर शनिवारी सकाळी मेलबर्नच्या पश्चिमेकडील आमच्या उपनगरातल्या नेटबॉल कोर्टाच्या कडेला उभी राहिले आहे. माझी मुलगी सात वर्षांची असताना आमच्या क्लबाच्या नेटसेटगो या लहान मुलांच्या नेटबॉल वर्गात दाखल झाली. आता ती दहा वर्षांची आहे आणि त्याच क्लबाच्या अकरा वर्षांखालील संघातून खेळते. या भागात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे शाळेच्या फाटकाशी किंवा गणेशोत्सवात भेटली की हमखास विचारतात, मुलीला नेटबॉलला घालावे का, एवढ्या लहान वयात गुडघे दुखावत नाहीत का, आणि दिलेले पैसे सत्कारणी लागतात का. प्रत्येकाला घाईघाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा क्लबाचा वर्ग, दुखापत टाळण्यासाठीचा 'नी' हा व्यायामक्रम आणि मध्यंतरी आम्ही केलेला एका खाजगी वर्गाचा प्रयोग, या तिन्हींविषयी एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे. नेटबॉल बास्केटबॉलमधून निघाला आणि इंग्लंडमधील मुलींच्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत वाढला. त्याचे नियम 1901 मध्ये छापले गेले. ऑस्ट्रेलियात तर 1970 पर्यंत त्याला 'महिलांचे बास्केटबॉल' असेच म्हणत असत. प्रत्येक संघात सात खेळाडू असतात, कोर्ट 30.5 मीटर लांब आणि 15.25 मीटर रुंद असते, ते तीन भागांत विभागलेले असते आणि कोणत्या खेळाडूने कोणत्या भागात जायचे हे तिच्या बिबवरील अक्षरांवरून ठरते. चेंडू जमिनीवर आपटत पळायला मनाई आहे, हातात आलेला चेंडू तीन सेकंदांत द्यावा लागतो आणि खांबावरच्या रिंगमध्ये चेंडू टाकून गोल करण्याचा अधिकार फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोघींनाच असतो. पहिली जागतिक स्पर्धा 1963 मध्ये इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे झाली आणि ती ऑस्ट्रेलियाने जिंकली. 2023 मध्ये केपटाउनला या देशाने हे विजेतेपद बाराव्यांदा मिळवले. भारताचा संघ 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत खेळला होता, आणि महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांमध्येही हा खेळ आहे, त्यामुळे काही वाचकांना तो अगदीच अनोळखी वाटणार नाही.

या सगळ्या नियमांपैकी पालकांनी मनावर घ्यावा असा एकच नियम आहे, आणि तो पायांचा आहे. हवेत चेंडू पकडून खेळाडू ज्या पायावर उतरते तो पाय तिचा आधाराचा पाय ठरतो. दुसरा पाय टाकता येतो, आधाराच्या पायावर गिरकी घेता येते, आधाराचा पाय उचलताही येतो. पण चेंडू हातातून सुटण्याआधी तो पुन्हा जमिनीला टेकवता येत नाही. याचा अर्थ असा की पूर्ण वेगाने धावत, उडी मारून चेंडू झेलणाऱ्या मुलीला जेमतेम दीड पावलात स्वतःला थांबवावे लागते. बास्केटबॉलमध्ये तो वेग चेंडू आपटत पुढे नेता येतो, फुटबॉलमध्ये तो पळण्यात जिरतो. इथे तो सगळा घोटा, गुडघा आणि खुबा यांना सोसावा लागतो. नेटबॉलमध्ये घोटे मुरगळण्याचे प्रमाण सर्वांत जास्त आणि गुडघ्याच्या आतील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याची भीती सर्वांत मोठी, याचे मूळ या नियमात आहे. म्हणून लहान मुलांना नेटबॉल शिकवणारा कोणताही वर्ग चांगला की वाईट, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते : प्रशिक्षकाची नजर चेंडूवर आहे की मुलांच्या पायांवर.

मला याची एवढी काळजी का, तेही सांगते. मी सांगली जिल्ह्यातल्या शाळेत खो-खो खेळले आहे. आमच्या संघातली एक अत्यंत चपळ मुलगी नववीत असताना खांबाजवळून वळताना पडली, गुडघ्यातून आवाज आल्याचे तिने सांगितले आणि आम्ही सर्वांनी तो मुरगळला असे समजून घरी नेऊन तेल चोळले. पंधरा दिवसांनी ती चालू लागली, पण धावताना तो गुडघा तिला दगा देत राहिला आणि तिचा खेळ तिथेच संपला. त्या काळी आम्हाला कोणी उडीनंतर उतरावे कसे, वळताना गुडघा कोणत्या दिशेला असावा, हे शिकवले नव्हते. शिकवायचे असते हेही आम्हाला ठाऊक नव्हते. माझ्या मुलीला ते शिकवले जाते आहे, आणि आठवड्यातून एकदा, सार्वजनिक कोर्टावर, एका शिक्षिकेच्या फावल्या वेळात शिकवले जाते आहे, याचे मोल मला फार वाटते.

नेटसेटगो हा नेटबॉल ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय संस्थेचा पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा कार्यक्रम आहे आणि देशभरातील स्थानिक क्लब तो चालवतात. त्याचे वयानुसार तीन टप्पे आहेत. अगदी लहानांना केवळ धावणे, थांबणे, फेकणे, झेलणे या मूलभूत हालचाली खेळांतून शिकवतात, आणि त्यापुढच्यांना हळूहळू सामन्याकडे नेतात. खेळ मुलांच्या मापाचा करून घेतलेला असतो : चेंडू चार नंबरचा, म्हणजे मोठ्यांच्या पाच नंबरच्या चेंडूपेक्षा लहान, रिंग 3.05 मीटरऐवजी 2.4 मीटर उंचीवर. चेंडू हातात ठेवायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ. आणि प्रत्येक मुलाला आळीपाळीने सर्व जागांवर खेळवण्याचा आग्रह. आमच्या क्लबात सुरुवातीच्या गटात गुणही मोजत नाहीत. पहिल्या दिवशी हे ऐकून काही पालकांनी नाके मुरडली होती, परंतु सहा आठवड्यांत मला त्यामागचा विचार पटला, कारण गुण मोजले नाहीत की उंच मुलीला कायमची गोलजवळ उभी करण्याचा मोह प्रशिक्षकाला होत नाही.

खाली आणलेल्या रिंगचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा. सव्वा मीटर उंचीच्या मुलीला तीन मीटरवरच्या रिंगमध्ये चेंडू टाकायला लावले की ती तो कमरेपासून, पाठ मागे ताणून, सगळ्या अंगाचा हिसका देऊन वर भिरकावते. चेंडू कधीतरी जातोही, आणि पालक टाळ्या वाजवतात. पण ही सवय एकदा अंगात मुरली की पुढे ती काढताना दुप्पट वेळ जातो. रिंग खाली असली की तीच मुलगी चेंडू डोक्यावर धरते, बोटांच्या पेरांवर तोलते, गुडघे हलकेच वाकवते आणि मनगटाच्या झटक्याने तो वर सोडते, म्हणजेच मोठी खेळाडू जे करते तेच करते. माझ्या मुलीला कोपर रिंगच्या रेषेत ठेवायला पहिला संपूर्ण हंगाम लागला. आता खांब उंच झाला आहे, तरी तिच्या हातांची पद्धत बदललेली नाही. फक्त गुडघे थोडे जास्त वाकतात.

पहिल्या दोन हंगामांत आम्हाला लाभलेल्या प्रशिक्षिका एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात. इथल्या रीतीप्रमाणे मुले त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. आमच्या घरात मात्र त्यांचा उल्लेख 'बाई' असाच होतो. त्यांच्या एका गुरुवारचे वर्णन मी करते, कारण या परीक्षणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यातच आहे. संध्याकाळचे साडेचार वाजलेले, जून महिना, कोर्टावर ओल, आणि बारा मुले बाजूच्या रेषेवर उभी. बाईंनी चेंडूंची पिशवी उघडलीच नाही. त्यांनी मुलांना सांगितले की तीन पावले धावा, उडी मारा आणि असे उतरा की मला तुमच्या बुटांचा आवाज ऐकू येता कामा नये. मग त्या पाठ करून उभ्या राहिल्या आणि एकेक मूल धावत येऊन उडी मारू लागले. ज्याचा धप्पकन आवाज येई त्याचा नंबर त्या न बघता सांगत. दहा मिनिटांत सगळी मुले खुबा मागे नेऊन, गुडघे वाकवून, चवड्यावर उतरून मग टाच टेकवू लागली होती, आणि हे सर्व 'गुडघा', 'खुबा' असा एकही शब्द न उच्चारता झाले होते. त्यानंतर बाई समोर येऊन बसल्या, अगदी कोर्टावर मांडी घालून, आणि प्रत्येक मुलाचा गुडघा उतरताना आत वळतो का ते पाहू लागल्या. माझ्या मुलीचा डावा गुडघा आत वळत होता. त्यांनी तिच्या बुटाच्या दुसऱ्या बोटाजवळ खडूने एक ठिपका काढला आणि सांगितले, उतरताना तुझ्या गुडघ्याने हा ठिपका झाकला गेला पाहिजे. तो ठिपका महिनाभर दर गुरुवारी काढला जाई. कधी खडू नसला तर मुलगी स्वतः बोट लावून जागा दाखवी. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस मी समोरून पाहिले, तेव्हा दोन्ही गुडघे सरळ होते.

चेंडू या वर्गात उशिरा येतो, पण आला की भरपूर येतो. दोघांत एक चेंडू हा बाईंचा नियम होता. छातीपासूनचा पास देताना बोटे चेंडूमागे पसरलेली, अंगठे जवळ आणि एक पाऊल पुढे टाकून. खांद्यावरून लांब पास देताना फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध पाय पुढे. झेलताना चेंडू येण्याची वाट न पाहता त्याच्याकडे जाऊन तो बोटांनी खेचून घ्यायचा. यातील प्रत्येक गोष्ट त्या एका संध्याकाळी एकच सांगत. एका वर्गात तीन सुधारणा सांगितल्या की मुलांना एकही लक्षात राहत नाही, हे त्यांचे मत मी घरी गणित शिकवतानाही पाळू लागले आहे. हुलकावणी शिकवताना मात्र मला आपले बालपण आठवले. एका बाजूला झुकून दुसरीकडे निसटणे, खांद्याने खोटे सांगणे आणि पायांनी खरे करणे, हे खो-खोत आम्ही नकळत शिकलो होतो. तिथे ते धावणाऱ्याला जीव वाचवण्यासाठी लागते, इथे चेंडू घेण्यासाठी मोकळी जागा मिळवायला लागते, एवढाच फरक.

त्याच वर्षी माझ्या सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एका गुरुवारी त्या कोर्टाशी आल्या आणि मुलांना एका पायावर उड्या मारत पुढे जाताना, मध्येच थांबून तोल सांभाळताना पाहून म्हणाल्या, "अगं, ही तर लंगडी!" मी ते बाईंना सांगितले. त्यांनी वर्ग संपल्यावर सासूबाईंकडून लंगडीचे नियम समजून घेतले आणि पुढच्या आठवड्यात गोलवर्तुळात, म्हणजे रिंगच्या खांबासमोरच्या 4.9 मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात, मुलांना लंगडी खेळायला लावली. एका पायावर उडी, लगेच दिशा बदलणे, पळणाऱ्याला हात लावण्यासाठी अंग पुढे झोकूनही तोल न जाऊ देणे. नेटबॉलला हवे असलेले पायाचे बळ आणि घोट्याची स्थिरता यापेक्षा आनंदाने कशातून येईल हे मला माहीत नाही. उजवा आणि डावा पाय समान वेळ वापरायचा, एवढी एकच भर बाईंनी घातली. महाराष्ट्रात नेटबॉल शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी लंगडीला पटांगणाबाहेर जाऊ देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तंदुरुस्तीच्या बाबतीत आपल्याकडच्या पालकांचे दोन समज असतात आणि दोन्ही मला वारंवार ऐकावे लागतात. पहिला असा की दम वाढवायचा तर मैदानाला फेऱ्या मारायला लावाव्यात. नेटबॉलमध्ये कोणीही एका संथ गतीने पंधरा मिनिटे धावत नाही. चार-पाच पावलांची झेप, थांबणे, मागे सरकणे, पुन्हा झेप, असा हा खेळ आहे. म्हणून पकडापकडीचे खेळ, शंकूंमधून दिशा बदलत धावणे आणि मध्ये पुरेशी विश्रांती, यातूनच योग्य तो दम तयार होतो, आणि मुले कंटाळतही नाहीत. दुसरा समज असा की जोर-बैठकांसारख्या व्यायामाने मुलांची उंची खुंटते. स्वतःच्या वजनाने, योग्य पद्धतीने आणि कोणाच्या तरी नजरेखाली केलेल्या व्यायामाने वाढ खुंटत नाही. उलट मांडीच्या मागचे स्नायू, खुब्याचे स्नायू आणि पोट मजबूत झाले तर गुडघ्यावरचा भार वाटला जातो. आमच्या वर्गात मुले बैठका, एक पाय पुढे टाकून वाकणे आणि कोपरांवर शरीर तोलून धरणे एवढेच करतात, आणि सात-आठ मिनिटांच्या वर करत नाहीत.

हे व्यायाम जिथून घेतले आहेत तो 'नी' व्यायामक्रम नेटबॉल ऑस्ट्रेलियाने संकेतस्थळावर सर्वांसाठी मोफत ठेवला आहे. इंग्रजीत नी म्हणजे गुडघा, आणि त्या नावाची आद्याक्षरेही त्याच हेतूने जुळवलेली आहेत. लहान मुले, हौशी खेळाडू आणि उच्च स्तरावरील खेळाडू असे त्याचे तीन स्तर आहेत. सरावाच्या किंवा सामन्याच्या आधी वॉर्म-अप म्हणून तो करायचा असतो आणि त्यात हलके धावणे, बळ, तोल, उतरण्याचे तंत्र आणि चपळाई असे सगळे येते. मोफत मिळणाऱ्या गोष्टीकडे आपण जरा दुर्लक्षच करतो, पण माझ्या मते या संपूर्ण परीक्षणातील सर्वांत मौल्यवान वस्तू हीच आहे. त्यासाठी साधन काही लागत नाही, जागा दिवाणखान्याएवढी पुरते, आणि सांगली किंवा नाशिकच्या शाळेतील शिक्षकालाही तो तसाच वापरता येईल. त्याला एकच जोड हवी : समोर उभे राहून गुडघे पाहणारी मोठी व्यक्ती. चित्रफीत पाहून मूल हालचाल उचलते, पण आपला गुडघा आत चालला आहे हे त्याला स्वतःला दिसत नाही. आम्ही मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाक गॅसवर असताना तो दिवाणखान्यात करतो. मुलगी उतरते आणि मी किंवा तिचे बाबा समोर बसतो.

आता तक्रारी. तिसऱ्या हंगामात बाईंना मोठ्या मुलींचा संघ मिळाला आणि आमच्या गटाला एक सद्भावी पण अननुभवी पालक प्रशिक्षक म्हणून आले. स्थानिक क्लब स्वयंसेवकांवर चालतात, त्यामुळे एकाच कार्यक्रमाची गुणवत्ता दोन कोर्टांवर दोन प्रकारची असू शकते, हे कोणत्याही पालकाने गृहीत धरावे. वॉर्म-अप गळाला, चेंडू एक झाला आणि मुले लांब रांगेत उभी राहू लागली. मी एका गुरुवारी मुद्दाम मोजले : दहा मिनिटांत माझ्या मुलीच्या हाती चेंडू नऊ वेळा आला. आधीच्या वर्षी, दोघांत एक चेंडू असताना, तेवढ्याच वेळात तो साठ वेळांहून अधिक येत असे. मी हे आकडे त्या गृहस्थांना कोणताही दोष न देता दाखवले, क्लबाकडे जास्तीचे चेंडू मागितले, आणि वॉर्म-अपची जबाबदारी आम्ही दोघी पालकांनी घेतली. त्यांनी ते मोकळेपणाने स्वीकारले आणि सुधारणाही झाली, पण त्यात अर्धा हंगाम गेला.

त्याच काळात आम्ही एक चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय हे लेखन प्रामाणिक होणार नाही. गुरुवारचा वर्ग कमी पडतो असे वाटून आम्ही मुलीला रविवारच्या एका खाजगी वर्गात घातले. त्याचे नाव मी देत नाही. क्लबाची संपूर्ण हंगामाची फी दीडशे डॉलरच्या आसपास होती. या वर्गाने दहा रविवारांचे त्याच्या दुपटीहून जास्त घेतले. वर्ग दोन तासांचा, प्रशिक्षक तरुण आणि उत्साही, आणि पहिल्याच दिवसापासून नऊ वर्षांच्या मुलींना पूर्ण उंचीच्या रिंगवर शंभर शॉट, त्यानंतर काँक्रीटवर सलग उड्या, त्यानंतर वेळ लावून धावणे. मुलींची दमछाक पाहून पालक समाधानाने एकमेकांकडे पाहत, आणि मी त्यांतलीच एक होते. उडीनंतर कोणी कसे उतरले याकडे सात आठवड्यांत एकदाही कोणी पाहिले नाही. सातव्या आठवड्यात मुलगी सकाळी पलंगावरून उतरताना टाच टेकवेना.

फिजिओथेरपिस्टने टाचेच्या दोन्ही बाजू दाबून पाहिल्या, तिला चवड्यावर उभे राहायला सांगितले आणि याला सिव्हर्स म्हणतात असे समजावले. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून मऊ असतो. हाडे भरभर वाढतात, पोटरीचे स्नायू त्यामानाने ताठ राहतात, आणि सतत उड्या मारल्या की ते स्नायू त्या मऊ भागाला ओढत राहतात. हा कायमचा आजार नाही, पण विश्रांती आणि भार कमी करणे याला पर्याय नाही. मग त्यांनी कागद घेतला आणि आम्हाला मुलीचा आठवडा मांडायला लावला. क्लबाचा सराव, शनिवारचा सामना, शाळेतील धावण्याचा सराव, रविवारचे दोन तास, आणि आठवड्यातून दोनदा भरतनाट्यम, ज्यात तट्टडवू करताना टाच आणि तळवा जमिनीवर आपटले जातात. बेरीज अकरा तासांच्या वर गेली. मुलाने आठवड्यात जितकी वर्षे वय तितक्या तासांपेक्षा जास्त संघटित खेळ करू नये, असा एक सर्वसाधारण दंडक आहे, तो त्यांनी सांगितला. मुलगी नऊ वर्षांची होती. नाच हा खेळ नाही म्हणून आम्ही तो कधी हिशेबात धरलाच नव्हता. टाचेने मात्र तो धरला होता. रविवारचा वर्ग त्याच दिवशी बंद केला, नाच आठवड्यातून एकदा ठेवला, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम सुरू केले, आणि सुमारे दोन महिन्यांनी ती पूर्ण सामना खेळू लागली.

नऊ ते तेरा या वयाविषयी मराठी पालकांनी विशेष जागरूक राहावे असे मला वाटते, कारण मुलींची उंची साधारणपणे याच काळात झपाट्याने वाढते. पाय लांब होतात, वजन बदलते, आणि कालपर्यंत सहज जमणारी गिरकी आज अडखळू लागते. अशा वेळी मुलीला आळशी ठरवणे किंवा सराव वाढवणे दोन्ही चूक. आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाराच्या चौकटीवर तिची उंची टिपतो. एका महिन्यात रेघ फार वर गेली की उड्यांचा सराव कमी आणि तोल सांभाळण्याचा सराव जास्त, असे बाईंनीच सांगितले आहे. मुलग्यांपेक्षा मुलींना एसीएलची दुखापत होण्याचे प्रमाण बरेच जास्त असते आणि ती झाल्यास परतायला नऊ महिने ते वर्ष सहज लागते. शरीर असे बदलत असताना उतरण्याची सवय आधीपासून पक्की असली तर तिचा मोठा आधार होतो.

सोयींविषयी थोडक्यात. कोर्ट उघड्यावर आहेत, जुलैच्या सकाळी बोटे बधिर होतात, गाडी लावायला सव्वाआठनंतर जागा मिळत नाही. साधे धावण्याचे बूट मुलांना बाजूला वळताना आधार देत नाहीत, म्हणून नेटबॉलसाठी बनवलेले बूट घ्यावेत. पहिल्या वर्षी मात्र महागड्यांची गरज नाही, टाच घट्ट धरणारे आणि तळ न घसरणारे असले म्हणजे पुरे. सामन्याआधी पंच प्रत्येक मुलीची नखे तपासतात आणि वाढलेली असल्यास तिथेच कापायला लावतात, त्यामुळे नेलकटर पिशवीत असावाच. दागिने चालत नाहीत. आपल्याकडे मुलींच्या कानांत लहानपणापासून डूल असतात, हातात किंवा गळ्यात काळा दोरा असतो. ते सर्व काढावे लागते, म्हणून कान टोचायचे असतील तर हंगाम संपल्यावर टोचा, म्हणजे भोके बुजण्याचा प्रश्न येत नाही. सामन्याआधी दोन तास पोहे किंवा उपमा आमच्या मुलीला मानवतो. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी देण्याची इथे जुनी प्रथा आहे आणि त्यासाठी पालकांच्या पाळ्या लागतात; आमची पाळी आली की सासूबाईंच्या सांगण्यावरून फोडींवर चिमूटभर मीठ पडते, आणि आता इतर मुलेही ते मागतात.

ज्यांना आपल्या भागातील क्लबाचा वर्ग पारखायचा आहे त्यांनी नोंदणीपूर्वीच्या मोफत सत्राला जावे आणि शेजाऱ्यांशी गप्पा न मारता वीस मिनिटे कोर्टाच्या टोकाशी, मुले समोरून येताना दिसतील अशा जागी उभे राहावे. मुले रांगेत किती वेळ थांबतात, चेंडू किती जणांत एक आहे, वॉर्म-अपमध्ये उतरण्याचा सराव आहे का, आणि कोणी चुकीचे उतरले तर प्रशिक्षक काही म्हणतात का, एवढे पाहिले तरी पुरे. संघ किती करंडक जिंकला आहे हे विचारण्याचे कारण नाही. आमच्या क्लबाला मी पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण तिसऱ्या हंगामातील त्या रांगांसाठी कापला आहे. रविवारच्या वर्गाला दोन देते, तेही तेथील तरुणांच्या कळकळीसाठी. 'नी' व्यायामक्रमाला पाच.

नेटसेटगो मुलग्यांनाही खुला आहे. माझा धाकटा मुलगा सप्टेंबरात सहा वर्षांचा झाला. त्याची पुढच्या हंगामाची नोंदणी आम्ही केली आहे, आणि सुरुवातीच्या गटाला पुन्हा त्याच बाई शिकवणार आहेत असे क्लबाने कळवले आहे. खडूचा एक नवा डबा मी घेऊन ठेवला आहे.